सात नंबरचा टाका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीने गेल्या वर्षी गच्चीवर सोलर बसवलं. त्याआधी चार सभा झाल्या. पहिल्या सभेत पॅनल देशी घ्यावेत की बाहेरचे, यावर दोन तास चर्चा झाली. देशीच घ्यावेत, असं सर्वांत मोठ्या आवाजात सांगणाऱ्या गृहस्थांचा फोन परदेशी, बूट परदेशी आणि दोन्ही मुलं परदेशात. मी आयुष्यभर हाच धंदा केला हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही.

शेवटी पॅनल आले. बसवायला रवी नावाचा चाळिशीतला तंत्रज्ञ होता. मी सवयीने वर जाऊन उभा राहिलो. एका पॅनलच्या मागची जोडणी त्याने बोटाने हलवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"काका, हे सात नंबरी काम आहे. परत पाठवतो."

"सात नंबरी म्हणजे?"

"कच्चं सोल्डरिंग. वरून चकाचक, आतून सुटलेलं. आमच्या लाइनमध्ये त्याला सात नंबर म्हणतात."

"का म्हणतात?"

"काय माहीत. मी शिकलो तेव्हापासून म्हणतात. असेल पिक्चरमधलं काहीतरी."

पिक्चरमधलं नाही. सात नंबर म्हणजे धायरीच्या आमच्या कारखान्यातल्या कुंदा राऊत. त्यांनी अकरा वर्षं आमच्याकडे पॅनल जोडले आणि त्या अकरा वर्षांत त्यांचा एकही टाका सुटला नाही. तरीही सुटलेल्या टाक्याला त्यांचा नंबर चिकटला, कारण तो मी चिकटवला. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून 'सूर्याच्या संगतीत' अशा थाटाचा, तरुणांना प्रेरणा देणारा लेख हवा होता. तो मला लिहिता येणार नाही. मला फक्त हेच लिहायचं आहे. बाकीचं, ते कसं घडलं हे कळावं म्हणून.

आधी धंदा सांगतो. सोलर पॅनल म्हणजे काही गूढ वस्तू नाही. त्यातल्या प्रत्येक निळ्या चौकोनाला सेल म्हणतात. तो उडदाच्या पापडाइतका पातळ आणि भाजलेल्या पापडापेक्षा नाजूक. जोरात शिंकलात तरी तडकेल. असे कित्येक सेल बारीक चपट्या तारेने एकमेकांना जोडायचे, खाली-वर प्लॅस्टिकसारखा चिकट थर घालायचा, एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद, आणि हे सगळं सँडविच भट्टीत दाबून भाजायचं. कडेने ॲल्युमिनियमची चौकट लावली की झालं पॅनल. सेल आम्ही तेव्हाही बाहेरूनच आणत होतो. देशी म्हणजे जोडणी देशी. ही गोष्ट आम्ही जाहिरातीत बारीक अक्षरात छापत असू, म्हणजे छापत नसू.

यात खरं काम जोडणीचं. गरम सोल्डर, म्हणजे वितळलेलं कथील, सेलवर टेकवायचं ते इतकं हलकं की पापड तडकू नये आणि इतकं नेमकं की तार कायमची बसावी. हत्यार कमी गरम असेल तर सोल्डर वरवर चमकतं, पण आत धरत नाही. मग वर्षा-दोन वर्षांत तिथे वीज अडखळते, तो ठिपका तापतो, तपकिरी होतो आणि मागचा कागद जळतो. हे काम आमच्याकडे बारा बायका करायच्या. बहुतेक जणी ब्लाउज शिवणाऱ्या होत्या, त्यामुळे सोल्डरच्या प्रत्येक जोडाला त्या 'टाका' म्हणत. आम्ही इंजिनियर मंडळी आधी हसलो आणि मग आम्हीही टाकाच म्हणू लागलो.

प्रत्येकीला एक ते बारा असा नंबर दिला होता. पॅनलच्या मागच्या लेबलावर शेवटचे दोन आकडे म्हणजे तिचा नंबर. माल परत आला की उलटा करायचा, कोणाचा हात आहे ते कळायचं. ही पद्धत माझी. त्या काळी 'क्वालिटी' हा शब्द पुण्यात नवा नवा आला होता आणि प्रत्येक कारखान्यात फळ्यावर लिहिलेला असे. मी क्वालिटीचा प्रमुख. नाव सबनीस. माझ्या हाताखाली क्वालिटी खात्यात कोणी नव्हतं.

कुंदाताई यवतमाळकडच्या. नवरा शिवण्याला प्रेसवर कामाला होता. पहिल्या दिवशी मी त्यांना अर्धा तास सोल्डरिंगचं शास्त्र सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं का जी सांगून? आता करू का?" आठवड्याभरात मी बाकीच्यांना त्यांच्या शेजारी बसवून शिकायला लावलं.

त्यांच्या नेमक्या उलट लताबाई, चार नंबर. धायरी गावातल्याच. घरची जमीन होती, गरज म्हणून नाही तर सासूपासून आठ तास लांब राहावं म्हणून कामावर येत. त्या स्वतःच तसं सांगायच्या. "सायेब, हितं मशीन गरम हाय, घरी मानूस गरम हाय. मशीन बरं."

त्या दिवसांतली दोन गिऱ्हाइकं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एक होते मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे अडते. गाळ्यावर पॅनल बसवायचे होते. त्यांनी आमचं पॅनल दोन्ही हातांनी उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"हलकं आहे. बाहेरचं दाखवायला आणलं होतं एकाने, ते भारी होतं."

मी म्हटलं, "शेठ, वजनाचा आणि विजेचा संबंध नसतो. काच आणि चौकट जाड असली की वजन वाढतं."

"अहो साहेब, आम्ही आयुष्यात जे घेतलं ते काट्यावर घेतलं. तुम्ही म्हणता वीज. वीज मला दिसत नाही. वजन दिसतं."

आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, त्यांनी चौकट जाड करून दिली आणि त्या मालाला 'हेवी ड्यूटी' असं नाव ठेवलं. वीज तेवढीच. अडते खूश. दादाही खूश. त्या दिवशी दादांना कळलं की पॅनल विकलं जात नाही, पॅनलबद्दलचा समज विकला जातो. माझ्या मते आमच्या कारखान्याला घरघर लागली ती त्या दिवशी, पण मी तेव्हा हसत होतो.

दुसरे खराडीच्या एका आयटी कंपनीतले. नवीन बंगला, वर सोलर. काळा गॉगल डोक्यावर. "काका, हे लोकल आहे ना? मग पुढे इश्यू येणार." मी चाचणीचे कागद दाखवले. ते कागदाकडे न बघता म्हणाले, "नाही, तुम्ही प्रामाणिक आहात, पण आपल्याकडे फिनिशिंग जमत नाही हो."

दादांनी महिन्याभरात एक नवीन नाव तयार केलं. उच्चारायला जड, जर्मन वाटेल असं. पॅनल तेच, लेबल नवीन. गॉगलवाले गृहस्थ पुन्हा आले, बोट फिरवून म्हणाले, "बघा, याला म्हणतात फिनिशिंग. एकेक जॉइंट बघा. आपल्या लोकांना शिकवलं पाहिजे हे."

कुंदाताई शेजारच्याच टेबलावर होत्या. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "सर, हे साहेब माझी तारीफ करून राहिले काय?"

सगळं खातं हसलं. मीही हसलो. देशी मालावर परदेशी नाव, एवढीच गंमत होती. पुढे परदेशी मालावर देशी नाव चिकटवायची वेळ आली, तेव्हा हात सरावलेले होते.

मग बाहेरचा माल खरोखरच आला, जहाजं भरभरून. आम्हाला काच, तार आणि तो चिकट थर ज्या भावात पडे, जवळपास त्याच भावात तिकडचं तयार पॅनल गोदीत उतरू लागलं. आमच्या कच्च्या मालावर कर, आणि तयार पॅनलला माफी. म्हणजे पीठ महाग आणि भाकरी स्वस्त. दिल्लीत हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही, पण त्याने कधी स्वयंपाकघर पाहिलं नसावं.

हे सगळं खरं, पण अर्धं. कारखानदारांच्या संघटनेत आम्ही दर महिन्याला जमून परदेशाला शिव्या घालत असू आणि वर बटाटेवडे खात असू. आमची भट्टी मात्र पहिल्या दिवशी होती तीच. तिकडे यंत्र टाके घालत होतं, आमच्याकडे यंत्र आणायचा विषय निघाला की दादा म्हणत, "बायका आहेत ना." बायकांचा हात चांगला म्हणून यंत्र नको, आणि यंत्र नाही म्हणून धंदा नाही, आणि धंदा नाही म्हणून बायका नकोत. हा हिशेब पुढे तसाच सुटला.

त्याच सुमारास सरकारने एक मोठं काम काढलं. काही सरकारी इमारतींवर सोलर, आणि अट अशी की पॅनल देशी बनावटीचेच हवेत. आमच्यासारख्यांना जगवायला ही अट होती. नमुन्याचं पॅनल आम्ही पाठवलं ते कुंदाताईंनी जोडलेलं. पहिल्या फटक्यात पास. काम आम्हाला मिळालं.

दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सबनीस, एवढे पॅनल आपण कधी करणार?"

"दोन वर्षं लागतील."

"मुदत चार महिन्यांची आहे."

"मग घेतलंत कशाला दादा?"

"तुम्ही किती भोळे आहात हो," दादा म्हणाले. ते मला भोळा म्हणत तेव्हा मला पुढचं वाक्य ऐकायची इच्छा नसे. पुढचं वाक्य होतं, "माल बंदरात येऊन पडलाय."

माल एका दलालाकडून घेतलेला. तिकडच्या कारखान्याने बाजूला काढलेली तुकडी, म्हणूनच स्वस्त. त्या महिन्यात बायकांना आठवड्यातून तीनच दिवस कामाला बोलावलं. उरलेल्या दिवशी बाहेरून आणलेली कंत्राटी माणसं मागच्या शेडमध्ये परदेशी लेबलं सोलून काढत. लेबल निघावं म्हणून हेअर ड्रायर वापरत, त्यातला एक दादांच्या घरचा होता. नवी लेबलं मी संगणकावर तयार केली.

लेबलाच्या तक्त्यात शेवटचा रकाना जोडणाऱ्या बाईच्या नंबराचा. ही माझीच पद्धत, आणि सरकारला दिलेल्या कागदांत मी ती मोठ्या अभिमानाने लिहिली होती. रकाना मोकळा ठेवता येईना. मी पहिल्या ओळीत सात लिहिलं आणि माउसने खाली ओढलं. हजारो ओळींत सात भरले गेले. पाच सेकंदांचं काम.

सातच का? कारण सातचा माल कधी परत येत नसे. तिच्या कामाला डाग नव्हता, म्हणून मी डागाळलेल्या मालावर तिचा नंबर लावला. मला ती खबरदारी वाटली होती. एक ते बारा आकडे आलटून पालटून टाकायला दहा मिनिटं लागली असती. तेवढा कंटाळा केला नसता तर ही गोष्ट घडली नसती, किंवा बारा जणींबद्दल घडली असती. यातलं बरं कुठलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यानंतर 'हा सर्व माल आमच्या कारखान्यात तयार झाला आहे' अशा दाखल्यावर मी सही केली. क्वालिटी प्रमुख, सबनीस.

उद्घाटनाला मंत्री आले. स्वदेशीवर अर्धा तास बोलले. त्यांच्या मागे पॅनल उभं करून ठेवलं होतं. भाषण चालू असताना माझं लक्ष गेलं, चौकटीच्या आतल्या कडेला परदेशी लेबलाची एक पट्टी तशीच राहिली होती. मी पुढे होऊन झेंडूचा हार त्यावर सरकवला. मंत्र्यांना वाटलं मी भक्तिभावाने केलं. त्यांनी भाषण थांबवून माझा उल्लेख 'निष्ठावंत कामगार' असा केला. टाळ्या पडल्या.

दीड वर्षाने मुलींच्या एका सरकारी वसतिगृहावरचे पॅनल मागून जळू लागले. आग लागली नाही, धूर झाला. मग दुसऱ्या इमारतीवर, तिसऱ्या. उतरवलेला माल टेंपोत भरून आमच्याकडे आला आणि मागच्या शेडमध्ये रचला गेला. मी एक पॅनल उघडून पाहिलं. टाका नुसता वर टेकलेला, आत धरलाच नव्हता. तिकडचं यंत्र त्या दिवशी थंड असणार.

चौकशी समिती आली. तिघे इंजिनियर. त्यांनी जळालेले पॅनल उलटे करून नंबर वाचले. सगळ्यांवर सात. समितीच्या अध्यक्षांचा चेहरा उजळला, कारण जेवणाआधीच निष्कर्ष निघाला होता. अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी असं जेवण होतं. 'एका अकुशल महिला कामगाराच्या सदोष जोडणीमुळे' असा अहवाल झाला. महिन्याभरातल्या मालावर सगळीकडे एकाच बाईचा नंबर, आणि तेवढा माल एका बाईने जोडायचा तर वीसेक वर्षं लागली असती. तिघेही पदवीधर. भागाकार कोणी केला नाही. मी शेजारी मठ्ठा वाढत होतो.

"सातला काढावं लागेल," दादा म्हणाले.

"दादा, सातने हा माल डोळ्यांनी पाहिलेला नाही."

"म्हणूनच. तिला काय माहीत असणार? बोलेल काय?"

"मला माहीत आहे ना."

"दाखल्यावर सही कोणाची आहे, सबनीस?"

ती सही माझी होती. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं, अब्रूदार माणूस म्हणून लोक सल्ल्याला येत, आणि तुरुंग हा शब्द आमच्या घरात फक्त वर्तमानपत्र वाचताना उच्चारला जाई. एवढंच कारण. दादांनी धमकी दिली वगैरे मी इतकी वर्षं मनाला सांगत आलो. त्यांनी फक्त प्रश्न विचारला होता.

चहाच्या सुट्टीत बारा जणींना उभं केलं आणि कागद मला वाचायला दिला. 'आपल्या हलगर्जीपणामुळे कंपनीची व राष्ट्राची हानी झाल्याने आपणास सेवेतून कमी करण्यात येत आहे.' राष्ट्र हा शब्द दादांचा.

कुंदाताई म्हणाल्या, "सर, माल पाहू द्या न जी एकदा."

माल तीस पावलांवर होता.

"माल सरकारकडे आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चुकलेलं गणित पुन्हा तपासावं तसं. मग "बरं जी" म्हणाल्या आणि गेल्या. मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी सुट्टी होईपर्यंत बाहेर आलो नाही.

भोसरी, हडपसर, शिवणे, सगळीकडे ही बातमी आमच्याआधी पोहोचली. कारखानदारीत चांगलं काम इमारतीबाहेर जात नाही, वाईट मात्र त्याच दिवशी जातं. 'सात नंबर निघाला' असं लोक आधी आमच्या मालाबद्दल म्हणत, मग कोणत्याही मालाबद्दल. आमच्या कारखान्याने पुढे जोडणी बंदच केली. पॅनलचा कारखाना बंद पडला, लेबलांचा काही वर्षं चालला. मग तोही मिटला. दादा गेले. बाकीच्या अकरा जणी पांगल्या. मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं.

रवीच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला पहिल्यांदाच कळलं की माझं खोटं माझ्यापेक्षा जास्त जगणार आहे. लताबाईंचं घर धायरीत शोधायला अवघड नव्हतं. जमिनीवर आता त्यांची चार मजली इमारत आहे. त्यांनी कुंदाताईंचा पत्ता दिला. वारज्यात एका दुकानाच्या पुढच्या भागात त्या पिको-फॉल करतात.

मशीन थांबवून त्यांनी चष्मा वर केला. "सबनीस सर! काऊन आले जी इतक्या वर्षांनी? साडी आणली काय?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बंदरातला माल, तक्ता, माउस, सही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणालो, "मी हे दिवाळी अंकात लिहिणार आहे. सगळ्यांना कळेल."

"किती जण वाचतात तो अंक?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "लिहिणारे वाचतात."

त्या हसल्या. पण थोडंच. "सर, काम सुटल्यावर तीन कारखान्यांत गेले मी. दारातच विचारायचे, सात नंबर तूच का? चौथ्यात गेलेच नाही. तुमच्या अंकातले लोक तिथे नव्हते. तुम्ही कागद वाचला तो बारा जणींसमोर. मला मोजू नका, मला माहीत आहे माझा टाका. अकरा जणींसमोर सांगा."

"त्या आता कुठे सापडणार?"

"त्या मी जमवते. तुम्ही फक्त या. कागद नका आणू वाचायला."

लताबाईंच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, एका रविवारी सकाळी आठ जणी जमल्या. दोघी वारल्या, एक गावी असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाच्या हातात नातीचा मोबाइल. मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं. कागद नव्हता, त्यामुळे वाक्यं लहान झाली. जळालेल्यातलं एकही पॅनल कुंदाताईंनी जोडलं नव्हतं. माल बाहेरचा होता. नंबर मी टाकला. मला त्याच दिवशी माहीत होतं.

सांगून झालं. मला वाटलं होतं कोणी शिवी देईल, कोणी रडेल. कोणी दचकलंसुद्धा नाही.

लताबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "सायेब, ह्ये आमाला तवाच म्हाईत व्हतं."

"म्हणजे?"

"मागच्या शेडात रचला व्हता ना माल. आमी जाऊन पायला. समदा मशीनचा टाका. एकसारका. बाईच्या हातचा टाका कदी एकसारका असतोय व्हय? कुंदीचा टाका तर म्या अंधारात हात फिरवून वळखीन."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी बोलला न्हाई, मंग आमी काय बोलनार?" मग त्याच म्हणाल्या, "न्हाई, तसं न्हाई. बोललो असतो तर आमचंबी काम गेलं असतं. आसं हाय ते."

मी इतकी वर्षं ज्याला माझं गुपित समजत होतो ते बाकीच्या अकरा जणींना माहीत होतं. मी एकट्याने वाहिलेलं ओझं वगैरे मनात जे काही शब्द तयार करून आलो होतो, ते तिथल्या तिथे विनोदी झाले.

कुंदाताई सगळ्यांकडे एकेक करून पाहत होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "त्या दिवशी मी लगेच नव्हते गेले. मागच्या नळावर डबा घासत बसले होते. डबा घासलेलाच होता. वाटलं, एक जण तरी येईल न् म्हणेल, कुंदा, हा टाका तुझा नाही. बस एवढंच. काम परत नव्हतं पाहिजे. सुट्टीची बेल होईपर्यंत घासला मी तो डबा."

वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. तो थांबला.

मग लताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कुंदाताईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कुंदे, त्यो टाका तुजा न्हवता." एवढं म्हणून परत येऊन बसल्या. मग दोन नंबर उठल्या. मग अकरा नंबर, त्यांना नातीने हात दिला. प्रत्येक जण जाऊन तेच एक वाक्य म्हणत होती, आपापल्या भाषेत, आणि कुंदाताई प्रत्येकीला मान हलवून "हो" म्हणत होत्या. गंभीर चेहऱ्याने, पावती दिल्यासारखं.

आठ जणी झाल्या. उरलो मी. मी पुढे गेलो आणि म्हणालो, "सात नंबरचा—"

"नंबर नको जी," कुंदाताई म्हणाल्या. "नंबर तुम्ही दिला होता. माझं नाव आहे."

मी पूर्ण नाव घेऊन म्हणालो. इथेही तसंच लिहितो. कुंदा मारोतराव राऊत, तो टाका तुमचा नव्हता.